अण्णांचा येशू

आमच्या घरात येशू ख्रिस्त आला तो ताईच्या प्रेमप्रकरणामुळे. त्याआधी त्याचा आमचा संबंध म्हणजे डिसेंबरात कोपऱ्यावरच्या बेकरीत टांगलेली कागदाची चांदणी आणि शाळेची सुट्टी, एवढाच. मुलुंड पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी, त्यांच्याखाली फळीवर पितळेची लहानशी बुद्धमूर्ती आणि शेजारी मेणबत्त्यांचा पुडा. अण्णा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दिवसभर लोकांच्या तुटलेल्या लाइनी जोडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्या जगाचा इतिहास एकमेकांना जोडायचे. आई आतल्या खोलीत भाकरी थापायची. परातीवर तिच्या हाताचा पट पट आवाज सुरू झाला की बाहेर अण्णांचं व्याख्यान सुरू व्हायचं, आणि भाकरी संपली तरी ते संपायचं नाही. आई परभणीकडची. ती अधूनमधून आतूनच म्हणायची, ‘‘व्हय व्हय, जेवा आता.’’ चाळीस वर्षांच्या संसारात अण्णांच्या सिद्धांतांवर तिने केलेली एवढीच टीका, आणि आज मला वाटतं, ती पुरेशी होती.

माझं नाव मिलिंद. हे नाव आमच्यात घरटी एक सापडेल, पण अण्णांच्या दृष्टीने तो पुरावा होता. ग्रीक राजा मिलिंद भिक्खूला प्रश्न विचारतो आणि शेवटी शरण जातो, ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगायचे आणि मग माझ्याकडे बोट दाखवायचे, जणू तो ग्रीक राजा हाफ पँट घालून समोर उभा आहे. ‘‘हे ग्रीक, रोमन सगळे आपल्याकडे शिकून गेले,’’ असं ते म्हणत. पाहुणे मान डोलवत. मी पण डोलवायचो. वर्गात ग्रीक कुठे राहतात हे मला नकाशावर दाखवता आलं नव्हतं, तरी ते आपले विद्यार्थी होते याचा मला फार अभिमान होता.

अण्णांचा राग कसा होता, हे सांगायला सावंतकाकांचा प्रसंग सांगितला पाहिजे. सावंतकाका समोरच्या खोलीत राहायचे, कुडाळकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झालेले. माणूस गोड. बुद्धपौर्णिमेला आईने खिरीची वाटी पाठवली, तेव्हा ते ती रिकामी करून परत द्यायला आले आणि प्रेमाने म्हणाले, ‘‘अहो, तुमचो बुद्ध म्हणजे आमचोच तो. नववो अवतार. मूळ एकच, मगे वेगळेपण कसला?’’ अण्णांनी वाटी घेतली, दार लावलं आणि त्या दिवसापासून सावंतकाकांकडचा चहा बंद केला. आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून त्यांनी बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हणून घेतल्या. त्यात बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणं हा खोडसाळपणा आहे, अशी प्रतिज्ञा आहे. ती त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणून घेतली. ‘‘प्रेमाने गिळतात ना, ते सगळ्यात वाईट,’’ ते म्हणाले. ‘‘शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं. ‘तुम्ही आमचेच’ म्हणणाऱ्याला काय देणार?’’ हे वाक्य मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. अण्णा जे बोलत त्यातलं अर्धं फार खरं असायचं. अडचण उरलेल्या अर्ध्याची होती.

ताई, सुजाता, घाटकोपरच्या एका दवाखान्यातल्या लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथेच एडविन एक्स-रे काढायचा. मरोळच्या गावठाणातला, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, घरी मराठी बोलणारा, उंच आणि जरा वाकून चालणारा. तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा आईने सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली. त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि बोटं चाटत म्हणाला, ‘‘आंटी, आमची मम्मी सुकट करते ती झकास असते, पण हिला तोड नाय.’’ आईचा होकार तिथेच मिळाला. अण्णा मात्र त्याच्याशी फक्त हवामान आणि केबल यांवर बोलले. तो गेल्यावर म्हणाले, ‘‘एका देव्हाऱ्यातून पोरांना बाहेर काढायला आमच्या बापाचा जन्म गेला. आता ही दुसऱ्या देव्हाऱ्यात जाऊन गुडघे टेकणार.’’ ते ओरडले नाहीत. ताईला वाटलं असतं तर ती उठून कोर्टात लग्न करू शकली असती, पगार होता, वय होतं. पण तिला अण्णा लग्नात हवे होते. एवढीच गोष्ट होती, आणि ती फार मोठी होती.

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. ताई मला जिन्यात गाठून म्हणाली, ‘‘मिल्या, त्यांना काहीतरी आणून दे ना वाचायला. बुद्ध आणि येशूचं. मागे ते कुणाला तरी सांगत होते की येशू आपल्याकडे शिकला म्हणून. तेच वाढव जरा.’’

‘‘आणि ते खरं नसलं तर?’’

‘‘तुला कोण परीक्षेला विचारणार आहे? माझं लग्न आहे रे.’’

मी कामाला लागलो. माझ्या बायकोच्या मते पंखा चालू राहिला तरी मला चार दिवस अपराधी वाटतं, आणि ते खरंही आहे; पण त्या काही महिन्यांत मला अजिबात अपराधी वाटलं नाही, उलट मी मजेत होतो. ग्रंथालयात मला जे सापडलं ते काही फालतू नव्हतं. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात ग्रीक राजांची नावं घेऊन तिथवर धम्म पोचवल्याचं कोरून ठेवलं आहे. सोपाऱ्याच्या बंदरातून माल पश्चिमेला जायचा. मार नावाचा दैत्य बुद्धाला मोह घालतो आणि सैतान येशूला वाळवंटात मोह घालतो. पाण्यावरून चालण्याची गोष्ट इकडेही आहे आणि तिकडेही. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो, अशी कथा दोन्हीकडे आहे. हे सगळं मी अण्णांना आणून दिलं. पण त्याच पुस्तकांत पुढच्या पानावर ‘परंतु’ असायचा. परंतु बौद्ध बाजूच्या यातल्या काही कथा लिहून काढल्या गेल्या त्या येशूनंतर. परंतु वाट होती म्हणून त्या वाटेने कोणी गेलंच, असं होत नाही. परंतु मोहाला तोंड देणारी आणि मुलाची वाट पाहणारी माणसं सगळीकडेच असतात. तो ‘परंतु’ मी ग्रंथालयातच ठेवून यायचो.

अण्णा खुलले. रविवारी ते आम्हाला बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत घेऊन गेले, एडविनलाही बोलावलं, आणि चैत्यगृहातले खांब दाखवत म्हणाले, ‘‘बघ, तुझं चर्च. मधे वाट, दोन बाजूंना खांब, शेवटी अर्धगोल. कुणाचं आधीचं?’’ एडविन बिचारा म्हणाला, ‘‘तुमचंच अंकल.’’ त्याला उकडत होतं. जपमाळ आपली, घंटा आपली, मठ आपले, मेणबत्ती तर आपलीच. मेणबत्त्या आम्ही मुलुंडच्या किराणा दुकानातून आणायचो, पण अण्णांच्या हिशोबात त्या थेट पाटलीपुत्रातून आल्या होत्या. ‘‘सोपाऱ्याला गलबतात चढायचं, मिसरला उतरायचं. तिथून येशूचं गाव किती? मुलुंड ते नाशिक.’’ आणि सगळ्यांत लाडका मुद्दा म्हणजे येशूची मधली वर्षं. बाराव्या वर्षी तो देवळात दिसतो आणि मग थेट तिशीत. मधल्या काळाबद्दल बायबल गप्प आहे. ज्या वर्षांची कोणालाच माहिती नाही, ती वर्षं अण्णांना सगळ्यात जास्त माहीत होती. तो कुठल्या विहारात उतरला, कुणाजवळ पाली शिकला, त्याला इकडचं तिखट सोसलं की नाही, एवढंच सांगायचं त्यांनी बाकी ठेवलं होतं.

अलीकडे आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येशूची काश्मीरमधली कबर येते. खाली कोणीतरी लिहितं, ‘अभिमान आहे.’ दुसऱ्या एका ग्रुपवर तोच येशू योगी असतो आणि त्याने वेद वाचलेले असतात, तिथेही अभिमानच असतो. त्या गरीब माणसाला सुतारकाम कधी करू दिलं कोणी, हे मला कळत नाही. आपल्या घरातली पोरं आपलं ऐकत नाहीत, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या पोराचे मास्तर व्हायची ही हौस आहे. मी ते मेसेज वाचतो, नाक मुरडतो आणि मग आठवतं, यातलं निम्मं सामान मीच एकेकाळी घरी वाहून आणलं होतं.

पण सिद्धांताने काम केलं. एका संध्याकाळी भाकरीच्या आवाजावर अण्णा म्हणाले, ‘‘तसं बघितलं तर पोरगी कुठे परक्यात चालली आहे? आपल्याच एका शाखेत चालली आहे.’’ ताईने माझ्याकडे बघून डोळा मारला. बोलणी करायला मरोळला जायचं ठरलं.

ऑक्टोबरातला रविवार होता, त्यांच्याकडे आगेरा होता, नव्या भाताचा सण. मरोळची शेतं कधीच इमारतींखाली गेली होती, त्यामुळे भाताच्या लोंब्या गोराईहून आणून चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन घरोघर दारावर बांधल्या होत्या. एडविनचं घर बैठं, कौलारू, दोन टॉवरांच्या मधे अंग चोरून बसलेलं. त्याची आई रेजिनाबाई, विधवा, ठेंगणी, हसली की डोळे बंद होणारी. आणि एडविनचे काका लॉरेन्स, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. रेजिनाबाईंनी गरम फुगे तळले होते, मैद्याचे गोल, आतून पोकळ, आणि बाटलीतल्या मसाल्याचं मटण. आई त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि पाच मिनिटांत दोघींचा आवाज एक झाला. बाहेर मात्र अण्णांनी दारावरच्या लोंब्या पाहिल्या होत्या.

‘‘धान्याला नमस्कार करायची ही पद्धत इथलीच,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्याकडे राहिली, हे चांगलं झालं. शेवटी येशू आमच्याच भिक्खूंकडे शिकलेला.’’

लॉरेन्सकाकांनी चष्मा काढून पुसला. ‘‘साहेब, माफ करा, पण उलटं आहे. येशूचा शिष्य थॉमस इथे आलेला. दया, क्षमा हे शिकवायला. तुम्ही करुणा म्हणता ती कुठनं आली?’’

‘‘बुद्ध पाचशे वर्षं आधीचा आहे.’’

‘‘बुद्ध असेल. पण पुस्तकं कधी लिहिली?’’

‘‘काका,’’ एडविन म्हणाला, ‘‘तुमी गणित शिकवायचे ना? आधीचा माणूस नंतरच्याकडून कसा शिकंल?’’

‘‘तू फुगे खा,’’ काका म्हणाले.

मग जे झालं ते मी आयुष्यात पुढे अनेक परिसंवादांत पाहिलं, पण इतक्या शुद्ध स्वरूपात कधीच नाही. दोन म्हातारपणाकडे झुकलेले पुरुष, समोर मटण थंड होत असलेलं, एकमेकांच्या देवांचे आजोबा व्हायला निघालेले. लग्न कधी, कुठे, कोणी काय करायचं, मुलगी नोकरी करणार का, एकाही गोष्टीचा शब्द नाही. अण्णांना पुरावा कमी पडला की ते माझ्याकडे बघायचे, ‘‘मिलिंद, सांग रे,’’ आणि मी सांगायचो. अशोक सांगितला, सोपारा सांगितला. मला मजा येत होती. ‘परंतु’ माझ्या खिशात होता आणि मी तो बाहेर काढला नाही.

रेजिनाबाई फुग्यांची दुसरी परडी घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. त्या चिडल्या नव्हत्या. त्या खरंच विचारत होत्या. ‘‘म्हंजे आमचं असं कायच नाय? माझा नवरा गेला तवापासनं मी रोज सकाळी ज्याच्यापुढं रडते, त्यो बी तुमच्याकडनं आणलेला?’’

अण्णा मनाने वाईट नव्हते. ते मऊ आवाजात म्हणाले, ‘‘बाई, मनाला लावून घेऊ नका. मूळ एकच आहे. तुम्ही आमचेच. वेगळं कशाला समजायचं?’’

‘‘अण्णा,’’ सुजाताताई म्हणाली. ती खुर्चीवरून उठलीही नाही. ‘‘सावंतकाका हेच म्हणाले होते. खिरीची वाटी हातात घेऊन. तुम्ही त्यांचा चहा सोडलात.’’

‘‘ते वेगळं.’’

‘‘काय वेगळं? बुद्धाला कुणाचा अवतार म्हणणं खोडसाळपणा आहे, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलंत. मग यांच्या येशूला आपला विद्यार्थी म्हणणं काय आहे? ह्या बाईंनी काय द्यायचं तुम्हाला उत्तर?’’

हे सगळं तिनेच सुरू करवलं होतं. सिद्धांत मोडला तर अण्णांचा होकारही मोडणार, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती बोलली. अण्णा उठले, त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. आईने पदराला हात पुसले, रेजिनाबाईंना ‘‘येते’’ म्हणाली आणि त्यांच्यामागे गेली. परतताना पवईवरून जाणाऱ्या बसमध्ये आम्ही चौघं चार ठिकाणी बसलो. भांडुप आल्यावर आई पुढच्या सीटवरून वळून, कोणालाच न उद्देशून म्हणाली, ‘‘फुगे मात्र चांगले हुते.’’

त्यानंतर दिवाळी गेली तरी घरात व्याख्यान झालं नाही. परातीचा आवाज एकटाच व्हायचा. ताई लॅबमधून येऊन जेवून झोपायची. अण्णा तिच्याशी बोलत, पण पाणी आलं का, लाइट बिल भरलं का, एवढंच. मला वाटलं, संपलं. मी ताईला म्हणालो, ‘‘गप्प बसली असतीस तर?’’ ती म्हणाली, ‘‘मग मला रोज त्या घरात बसून तेच ऐकायला लागलं असतं. आणि आयुष्यभर तू पुरावे आणून दिले असतेस.’’

मग एका सकाळी अण्णांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, ‘‘चल मरोळला. तोंड उघडायचं नाही.’’

रेजिनाबाई ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत, कोपराने एक स्टूल पुढे ढकललं. अण्णा बसले. मग म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी माझ्या मुलीचं काहीच विचारलं नाही.’’

‘‘मी बी नाय विचारलं.’’

‘‘तुमचा येशू मला समजत नाही. तो तुमचा आहे. मी परक्या घरात मुलगी देतोय, असं धरून विचारतो.’’

‘‘विचारा.’’

त्यांनी विचारलं. नोकरी चालू राहील का. पगार कोणाच्या हातात. एडविन पितो का. ‘‘सणाला पितो, पडत नाय,’’ रेजिनाबाई म्हणाल्या. माझी मुलगी सकाळी वंदना म्हणते, ती कुठे म्हणेल. रेजिनाबाईंनी घरात वळून पाहिलं. ‘‘कपाट हाय. वरचा कप्पा मोकळा करते. पण मूर्ती आमच्या मेरीच्या डोक्यावर नको हां.’’

‘‘वर नको. शेजारी?’’

‘‘शेजारी चालंल.’’

‘‘चर्चमध्ये ती गुडघे टेकणार नाही.’’

‘‘नको टेकू दे. बसंल. फादरना मी सांगते.’’

महिनोन्महिने मी ज्या माणसाला अशोक आणि अलेक्झांड्रिया पुरवत होतो, तो एवढं सरळ बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आपलंच म्हटल्यावर विचारायचं काही उरत नाही, म्हणून तो सिद्धांत सोयीचा होता. आता समोर परकी बाई होती, आणि परक्या बाईला सगळं विचारावं लागत होतं. शेवटचा प्रश्न अण्णांनी दोनदा तोंडाशी आणून गिळला. मग विचारला. ‘‘मुलांचं काय?’’

रेजिनाबाईंनी सुरी खाली ठेवली. ‘‘पोरांचा बाप्तिस्मा होणार. त्यात मी ऐकणार नाय. खोटं सांगून पोरगी घेणार नाय.’’

वसाहतीच्या विहारात लोक काय म्हणतील, हे सोडा; अण्णांच्या ज्या बापाने गावात पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला होता, त्याच्या पणतवंडाच्या डोक्यावर कोणीतरी पाणी घालून त्याला आपलं म्हणणार होतं. ते म्हणाले, ‘‘मग त्या दिवशी मी येणार नाही.’’

‘‘नका येऊ,’’ रेजिनाबाई म्हणाल्या आणि पुढचा बोंबील उचलला. ‘‘जेवायला या.’’

ताईचं लग्न सकाळी मुलुंडच्या विहारात झालं, पांढऱ्या साडीत, आणि संध्याकाळी मरोळच्या चर्चमध्ये, त्याच साडीत. अण्णा दोन्हीकडे होते. चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर आले तेव्हा ते आणि आई आणि मी मागच्या बाकावर सरळ बसून राहिलो. लॉरेन्सकाकांनी एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं.

दोन वर्षांनी बाप्तिस्मा झाला. अण्णा खरंच आले नाहीत. चर्चमधून मंडळी परतून पंगत बसली, तेव्हा ते पवईच्या बसने उतरून चालत आले, हातात आईने दिलेला ज्वारीच्या पिठाचा डबा. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. बाळाचे केस अजून ओलसर होते. अण्णांनी आपल्या धोतराच्या सोग्याने ते हळूहळू कोरडे केले. माझ्या शेजारी लॉरेन्सकाका जेवत होते. माझ्याकडे एक नवी गोष्ट होती, आणि ही खरी होती, तिला ‘परंतु’ नव्हता: बुद्धाच्या गृहत्यागाची कथा कित्येक शतकांनी भाषेभाषेतून फिरत पश्चिमेला गेली, आणि तिकडच्या चर्चने तिच्यातल्या राजपुत्राला नकळत संत करून टाकलं. मी घास हातात धरून म्हणालो, ‘‘काका, तुम्हाला ठाऊक आहे का, तुमच्या संतांमध्ये एक राजपुत्र आहे, तो म्हणजे खरं तर...’’

‘‘मिलिंद,’’ अण्णा बाळाकडेच बघत म्हणाले. ‘‘गुमान जेव.’’